धाकट्याचीं गीतें

परवां आमचा नातू एक तबकडी लावून बसला होता. विलायती वाद्यांचा आम्हांस कंटाळा. परंतु वादकाची हकीकत त्यानें सांगितली आणि आम्ही उठतां उठतां पुन्हां बसलों.

वादक जॉर्ज हॅरिसन. लिव्हरपूलच्या ‘बीटल्स’ या चौघांच्या मेळ्यांत तो गिटार वाजवी. वयानें सर्वांत धाकटा. गीतें रचण्याचा मान लेनन व मॅकार्टनी या दोघांकडे. धाकट्याच्या वांट्यास दर संग्रहांत बहुधा एकदोन गीतें येत. १९६६ सालीं मुंबईस येऊन त्यानें पंडित रविशंकरांपाशीं सतारीचे धडे घेतले. पुढें तो गिटारीकडेच परतला. तरी तारेवर नळी सरकवून काढलेल्या त्याच्या स्वरांत मींडेची आठवण होते.

१९७० सालीं मेळा फुटला. त्याच वर्षीं हॅरिसननें ‘ऑल थिंग्ज मस्ट पास’ हा तीन तबकड्यांचा संच काढला व तो अतिशय गाजला. त्यांतील कांहीं गीतें मेळ्यांत असतांनाच रचलेलीं, पण तेथें स्थान न मिळालेलीं होतीं! पुढील वर्षीं गुरूच्या शब्दाखातर त्यानें बांगलादेशच्या निर्वासितांसाठीं न्यूयॉर्क येथें मोठी मैफल भरविली.

मेळ्यानेंच त्यास घडविलें, हें खरें. परंतु मनांतलें सारें गाण्यास त्याला घर मोडेपर्यंत थांबावें लागलें.

आमचे धाकटे बंधू सुरेख पेटी वाजवीत. घरच्या भजनांत मात्र पेटी नेहमीं आम्हींच पुढें ओढीत असूं. आज ते नाहींत. थोरल्या वाचकांस आमचें इतकेंच सांगणें कीं, येत्या एकादशीस पेटी धाकट्याकडे सरकवावी.