खिशांतील कॅमेरा आणि धूळ

मोबाइलवर छायाचित्रें निघूं लागलीं तरी खिशांत मावणारा डिजिटल कॅमेरा कित्येक घरांत अद्यापि आहे. त्याविषयीं एक तक्रार आमच्या कानीं वारंवार येते. आकाशाच्या चित्रांत दर वेळीं एकाच ठिकाणीं करडा ठिपका उमटतो, आणि भिंग कितीहि पुसलें तरी तो जात नाहीं. जाणार कसा? पुढच्या भिंगावरील बारीक कण चित्रांत सहसा दिसतच नाहीं. ठिपका ही आंतील संवेदकावर बसलेल्या कणाची छाया होय. सामान्य लहान कॅमेऱ्यांत हा संवेदक सुमारें ६ मिलिमीटर लांब व ४.५ मिलिमीटर रुंद, म्हणजे तुरीच्या दाण्याएवढा असतो. तेव्हां कापसाचा तुटका तंतूहि तेथें पुष्कळ जागा अडवितो.

धूळ आंत शिरते ती भात्याच्या न्यायानें. कॅमेरा सुरू करतांच भिंगाची नळी बाहेर येते, आंतील पोकळी वाढते व फटींतून बाहेरची हवा ओढली जाते. सदऱ्याच्या खिशांतील तंतु, समुद्रकांठची वाळू, जें जवळ असेल तें तिच्याबरोबर आंत जातें. वाळूचा कण नळ्यांमध्यें अडकला तर नळी जागची हलतहि नाहीं. म्हणून कॅमेरा बंद करण्यापूर्वीं बाहेर आलेली नळी मऊ कुंचल्यानें झाडावी. कित्येकजण ती आंत गेल्यावर पुसतात. त्याचा उपयोग काय?

मोठ्या कॅमेऱ्याचें भिंग काढून संवेदक साफ करतां येतो. २००३ सालच्या ऑलिंपस ई-१ मध्यें तर सूक्ष्म कंपनानें धूळ झटकण्याची योजना होती. लहान कॅमेरा मात्र बहुधा सबंध खोलावा लागतो, आणि घरांतील हुशार मुलें लगेच पेचकस घेऊन बसतात. पालकांनीं त्यांस आवरावें. फ्लॅशच्या कपॅसिटरमध्यें सुमारें ३०० व्होल्ट दाबाची वीज सांठलेली असते व बॅटरी काढल्यावरहि ती राहते. तो धक्का थट्टेवारी नेण्याजोगा नव्हे. ठिपका केवळ निरभ्र आकाशांतच दिसत असेल, तर संगणकावर तो पुसून टाकावा. तेवढ्यासाठीं दुरुस्तीचा खर्च आम्हांस व्यर्थ वाटतो.

ज्यांस वारंवार समुद्रकांठीं जावयाचें असतें त्यांनीं नळी बाहेर न येणारा कॅमेरा पाहावा. २००२ सालीं मिनोल्टानें डिमाज एक्समध्यें लोलक बसवून प्रकाश आंतल्या आंत वळविला होता. जलाभेद्य म्हणून विकल्या जाणाऱ्या पुष्कळ लहान कॅमेऱ्यांत हीच युक्ति असते. दुकानांत एकदां सुरू करून पाहिला कीं ती ओळखूं येते.