नाव कोणाचे, हात कोणाचे?

दत्तजयंतीला तापीकाठच्या सारंगखेड्यात एकमुखी दत्ताची यात्रा भरते, घोडेबाजार रंगतो. घेणारा घोड्याचे दात पाहतो, भोवरे पाहतो, चालवून पाहतो आणि मगच बोली लावतो. नुसते पागेचे नाव ऐकून पैसे मोजणारा विरळाच. वाद्यांच्या बाजारात मात्र आधी नाव विकते, मग वाद्य. मुलाच्या हट्टापायी इलेक्ट्रिक गिटार घ्यायला निघालेल्या पालकांना हे लगेच पटेल.

या व्यवसायाचा इतिहास म्हणजे भागीदाऱ्यांचा इतिहास. कॅलिफोर्नियातला रेडिओ दुरुस्त करणारा लिओ फेंडर गिटारी बनवू लागला. १९५४ साली त्याची ‘स्ट्रॅटोकास्टर’ आली. १९६५ मध्ये त्याने कंपनी सीबीएस या बड्या प्रसारण कंपनीला १ कोटी ३० लाख डॉलरना विकली. पुढे १९८० मध्ये त्याने सहकाऱ्यासह ‘जी अँड एल’ ही नवी कंपनी काढली खरी, पण तिला त्याला स्वतःचे आडनाव देता आले नाही. ते विकले गेले होते!

दरम्यान जपानी कारखाने स्वस्तात चांगल्या नकला करू लागले. फेंडर कंपनीने १९८२ मध्ये कांडा शोकाई आणि यामानो गाक्की या जपानी व्यापाऱ्यांशीच भागीदारी केली. गिटारी बनू लागल्या मात्सुमोतोच्या फुजीगेन कारखान्यात. होशिनो कंपनीच्या ‘आयबनेझ’ गिटारीही तेथेच बनत. १९८५ मध्ये बिल शुल्त्झ आणि सहकाऱ्यांनी फेंडर कंपनी सव्वा कोटी डॉलरना परत घेतली, तेव्हा सौद्यात कारखान्याची इमारत नव्हतीच. नाव होते, पेटंट होती, सुटे भाग होते. ते नाव तगले ते बऱ्याच अंशी जपानी हातांमुळे. उलट, ‘गिब्सन’ने वाद्यांपलीकडे जाऊन घरगुती ध्वनियंत्रांच्या धंद्यात उडी घेतली आणि २०१८ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला.

आपल्याला याचे काय? आपल्याकडे मिरज आहे. शस्त्रांना धार लावणाऱ्या शिकलगारांनी एकोणिसाव्या शतकात येथे तंतुवाद्ये घडवायला घेतली. पंढरपूर भागातला भोपळा, लाकूड आणि पिढीजात कान एवढेच त्यांचे भांडवल. २०२४ मध्ये मिरजेच्या सतार-तानपुऱ्याला भौगोलिक निर्देशांक मिळाला. म्हणजे ‘मिरज’ हे नाव आता कायद्याने तेथल्या कारागिरांचे झाले. ते कोणा एकाला विकता येत नाही. लिओ फेंडरला जे संरक्षण नव्हते, ते यांना आहे.

पण नोंदणी दर दहा वर्षांनी नूतनीकरण मागते. प्रत्येक कारागिराला अधिकृत वापरकर्ता म्हणून स्वतंत्र नाव नोंदवावे लागते. हे झाले नाही, तर प्रमाणपत्र भिंतीवर राहील आणि मोल दुकानाच्या पाटीला मिळेल. ग्राहक म्हणून आपणही एवढे करू शकतो: सतार घेताना सारंगखेड्याच्या गिऱ्हाइकासारखे पारखावे आणि विचारावे, ही घडवली कोणी?