जुना संगणक बदलण्याआधी

मुलामुलींनो,

“बाई, आमचा संगणक अगदी म्हातारा झालाय. त्याऐवजी छोटा मिनी पीसी घेऊ या म्हटलं, तर बाबा ऐकतच नाहीत!” ही तक्रार हल्ली वर्गात बरेचदा कानावर येते. बाबांना पटवायचंय ना? मग हट्ट नको, हिशेब मांडा.

आधी थोडी गंमत सांगते. इंग्लंडमधल्या केंब्रिज गावी १९८१ साली ‘बीबीसी मायक्रो’ नावाचा संगणक तयार झाला. मुलांनी स्वतः प्रोग्रॅम लिहावेत, हा त्यामागचा हेतू. १९८४ मध्ये भारत सरकारने निवडक शाळांसाठी ‘क्लास’ योजना सुरू केली, तेव्हा आपल्याकडेही तोच आला. पुढे २९ फेब्रुवारी २०१२ रोजी त्याच केंब्रिजमधून ‘रास्पबेरी पाय’ बाजारात आला. हातात मावणारा, किंमत ३५ डॉलर! बीबीसी मायक्रोची आठवण म्हणून त्याच्या प्रकारांनाही ‘ए’ आणि ‘बी’ अशीच नावं दिली. संगणक लहान आणि स्वस्त होत गेला तो असा. आजचा मिनी पीसी जेवणाच्या डब्याएवढाच असतो.

आता घ्या कागद-पेन्सिल. समजा, जुना संगणक १०० वॉट वीज घेतो आणि मिनी पीसी १५ वॉट. रोज ४ तास, असे ३० दिवस वापरला, तर जुन्याला १२ युनिटं लागतील, नव्याला १.८. म्हणजे महिन्याला १०.२ युनिटं वाचली. घरच्या बिलावरचा दर पाहून त्याचे रुपये काढा बरं! एवढ्याशा बचतीतून नव्याची किंमत भरून यायला बरीच वर्षं लागतील, हेही लगेच दिसेल. म्हणून नुसत्या विजेसाठी संगणक बदलू नये.

मग कशासाठी बदलावा? तुम्ही त्यावर काय काय करता, ते लिहून काढा. चित्रं काढणं, टायपिंग, छोटे प्रोग्रॅम एवढंच असेल, तर जुन्या हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी बसवून आणि लिनक्स घालूनही काम भागू शकतं. तेही जमत नसेल, तर खुशाल नवा घ्या. मात्र जुना मॉनिटर त्याला जोडता येईल का, हे दुकानात आधी विचारा. जुना कीबोर्ड गोल पिनेचा असेल, तर तो यूएसबीच्या खाचेत जाणार नाही. सीडी घालायची सोयही मिनी पीसीत बहुधा नसते.

आणि सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे जुन्या डिस्कमधले आजी-आजोबांचे फोटो! ते दोन वेगवेगळ्या ठिकाणी उतरवून घ्या आणि उघडून खात्री करा. संगणक नवा मिळेल, ते फोटो मिळणार नाहीत. नुसते ‘डिलीट’ केलेले फोटो दुसऱ्याला परत काढता येतात, म्हणून डिस्क काढून घरीच ठेवा.

उरलेला खोका कचऱ्यात टाकू नका. जुन्या सर्किटांत शिसं असतं आणि तारा जाळल्या की विषारी धूर निघतो. तो ई-कचरा संकलन केंद्रावरच द्यावा.

पालकांनो, हा हिशेब मुलांनाच करू द्या. उत्तर ‘घेऊ या’ येवो की ‘नको’, ते त्यांनी स्वतः काढलेलं असेल.

तुमच्या,
बाई