एका छत्रीवर दोन टी.व्ही.

मैत्रिणींनो, एका भगिनीचे पत्र समोर आहे. सासूबाई खुब्याच्या ऑपरेशननंतर अंथरुणावर आहेत. त्यांचा वेळ जावा म्हणून आतल्या खोलीत जुना टी.व्ही. ठेवला, वेगळा बॉक्सही घेतला. वायर मात्र एकच. तिला मधे स्प्लिटर लावून दोन फाटे काढले. आता बाहेर मुलाने मॅच लावली की आत आजींचे कीर्तन गायब! "माझं कुणाला काय पडलंय," म्हणून त्या रुसतात, आणि मुलगा म्हणतो, "आई, मी काहीच केलं नाही गं." ताई विचारतात, "चूक कुणाची?"

चूक दोघांचीही नाही, ताई. दोष त्या फाट्याचा आहे.

गच्चीवरच्या छत्रीसमोर दांडीच्या टोकाला जो छोटा डबा असतो, त्याला एल.एन.बी. म्हणतात. सुमारे ३६,००० किलोमीटरवरच्या उपग्रहाकडून आलेल्या लहरी छत्री गोळा करते आणि हा डबा त्या वायरीतून खाली पाठवतो. पण त्याच वायरीतून आपला बॉक्सही वर वीज पाठवत असतो. १३ व्होल्ट पाठवले तर उभ्या लहरींवरची चॅनेल मिळतात, १८ व्होल्ट पाठवले तर आडव्या लहरींवरची. एका तोंडाचा डबा एका वेळी एकच हुकूम पाळतो. दोन बॉक्सनी दोन हुकूम सोडले, की १८ व्होल्टवाल्याची सरशी होते आणि दुसऱ्याचा पडदा काळा! काही सेवांची सगळी चॅनेल एकाच तऱ्हेच्या लहरींवर असतात. तिथे उपग्रहाचा खास स्प्लिटर चालून जातो. साधा केबलचा मात्र नाहीच.

मग करायचे काय? छत्री बदलू नका. फक्त दोन तोंडांचा, म्हणजे 'ट्विन' एल.एन.बी. बसवून घ्या आणि प्रत्येक तोंडातून स्वतंत्र वायर प्रत्येक बॉक्सपर्यंत आणा. तीन-चार टी.व्ही. असतील तर चार तोंडांचा 'क्वाड' घ्या. 'क्वाट्रो' नावाचाही एक मिळतो, त्यालाही चार तोंडे असतात. पण त्याला मल्टिस्विच नावाचे वेगळे यंत्र लागते, तेव्हा नाव नीट वाचून घ्या.

खर्चाचेही पाहू. डी.डी. फ्री डिशला दरमहा पैसे नाहीत, दुसरा बॉक्स एकदा घेतला की झाले. खासगी कंपनीची सेवा असेल तर दुसऱ्या टी.व्ही.चे दरमहा किती पडतील ते आधी विचारा आणि लिहून घ्या. दोन्हीकडे एकच कार्यक्रम चालत असेल, तर एकाच बॉक्सवरून एच.डी.एम.आय. स्प्लिटरने भागते. पण आजींना त्यांचेच चॅनेल हवे, तिथे ही काटकसर नको.

काम करून घेताना एवढे सांभाळा :

* वायर जोडण्या-काढण्यापूर्वी बॉक्सचे बटण भिंतीवरून बंद करा. 
* वायर आर.जी.-६ जातीची घ्या. टोक सोलताना जाळीचा एखादा तंतूही मधल्या तारेला टेकता कामा नये. 
* वायर खिडकीतून आत घेण्यापूर्वी बाहेर खाली झोळ ठेवा, म्हणजे पावसाचे पाणी तिथेच गळून जाते. 
* डबा बदलताना छत्री हलली तर चित्र जाते. कारागीर निघण्यापूर्वी दोन्ही टी.व्ही. एकदम लावून, वेगवेगळी चॅनेल फिरवून पाहा. 
* ओल्या गच्चीवर किंवा पत्र्यावर स्वतः चढू नका, मुलांनाही चढू देऊ नका.

आणि हो, आजींच्या रिमोटवर चॅनेल बदलायच्या बटणावर नेलपॉलिशचा लाल ठिपका द्या. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला दर वेळी कुणाला तरी हाक मारावी लागते, त्याचेच जास्त वाईट वाटत असते. ते बटण आपले आपल्याला सापडले, की रुसवा निम्मा तरी जाईल!