संध्याकाळचा आकडा
धारावीत कोरोनाचा पहिला रुग्ण १ एप्रिल २०२० रोजी सापडला. मग रोज संध्याकाळी पालिकेच्या आकड्याची वाट पाहणे सुरू झाले. जेमतेम अडीच चौरस किलोमीटरची वस्ती; शौचालयच सार्वजनिक, तिथे ‘घरीच थांबा’ म्हणणाऱ्यांचे काय जाते! पालिकेने घरोघरी ताप तपासला, शाळांत विलगीकरण केले, साथ आवरली. श्रेय द्यायलाच हवे. हिशेबाचे मात्र तसे नाही. १६ जूनला मुंबईच्या मृत्यूंत आधी न मोजलेले ८६२ एकदम जोडले गेले. फेरतपासणी झाली हे बरेच, पण तोवर लोक अपुऱ्या आकड्यावर विसंबून बाजारात जात होते. विभागवार मृत्यूनोंदी त्या त्या आठवड्यातच जाहीर करण्याचे बंधन पालिकांवर घालावे.