बंद न केलेले खाते

२०२१ सालच्या मे महिन्याच्या सात तारखेस अमेरिकेतील कलोनियल पाइपलाइन या कंपनीने, आपल्या संगणकांवर खंडणीखोरांचा हल्ला झाल्यामुळे, ह्यूस्टनपासून न्यू जर्सीपर्यंत इंधन वाहून नेणारी आपली सुमारे ८,८५० किलोमीटरांची नलिका बंद केली. पूर्व किनाऱ्याचे सुमारे ४५ टक्के इंधन तीतूनच जात असल्यामुळे थोड्याच दिवसांत पेट्रोलपंपांवर मोटारींच्या रांगा लागल्या, आणि कंपनीने खंडणीखोरांना ७५ बिटकॉइन, म्हणजे सुमारे ४४ लक्ष डॉलर, मोजले. त्यांतील बराच ऐवज सरकारने पुढे परत मिळविला. परंतु हे अरिष्ट ज्या वाटेने आले ती पाहिली म्हणजे मन खिन्न होते. घरबसल्या कार्यालयाच्या संगणकांपर्यंत पोहोचविणाऱ्या व्हीपीएन यंत्रणेवरील एक जुने, वापरातून गेलेले, पण कोणीही बंद न केलेले खाते, आणि त्यावर पहारा केवळ एका पासवर्डचा! तो पासवर्ड क्लिष्ट होता, असे कंपनीचे तेव्हाचे प्रमुख जोसेफ ब्लाउंट यांनी सिनेटच्या समितीपुढील जबानीत सांगितले. पण परक्याच्या हाती पडलेल्या पासवर्डची क्लिष्टता कोणाच्या उपयोगाची?

आपल्या बँकांची तिजोरी एका किल्लीने उघडत नाही; एक किल्ली शाखाधिकाऱ्याकडे, दुसरी रोखपालाकडे, हा शिरस्ता सर्वांच्या अंगवळणी पडला आहे. पासवर्डच्या जोडीला मोबाइलवरील क्षणभंगुर आकडे किंवा खिशातील छोटी सुरक्षा-किल्ली मागणे हे त्याच शहाणपणाचे आजचे रूप होय. तरीही ही व्यवस्था बसविताना पहिली सवलत मागितली जाते ती वरिष्ठांसाठी, आणि ज्या खात्याचा अधिकार सर्वांत मोठा त्याच्यावरच पहारा सर्वांत दुबळा राहतो. हे मला अक्षम्य वाटते.

एका कार्यालयात सेवानिवृत्त होणाऱ्या लेखापालांचा नादेय दाखला मी पाहिला होता. ग्रंथालय, उपाहारगृह, भांडार, पतसंस्था, सर्वांच्या सह्या होत्या; कपाटाची किल्ली व रबरी शिक्का परत घेतल्याची नोंद होती; शाल-श्रीफळही झाले. त्यांचे दूरप्रवेशाचे खाते मात्र पुढे कित्येक महिने जिवंत होते, कारण ते बंद करणे हे कोणाच्याच कामाच्या यादीत नव्हते. प्रवेशयंत्र कर्मचाऱ्यांच्या मध्यवर्ती नोंदवहीशी जोडलेले असले, तर तेथे नाव खोडताच दारही बंद होते. पण घाईगर्दीत, एखाद्या कंत्राटदारासाठी म्हणून, यंत्रावरच परस्पर उघडलेली खाती या नोंदवहीला ठाऊकच नसतात, आणि धोका आहे तो त्यांच्यापाशी. अशा खात्यांना उघडतानाच मुदत घालावी, प्रत्येकाला कामापुरतीच मुभा द्यावी, आणि दर तीन महिन्यांनी सारी यादी हजेरीपटाशी ताडून पाहावी. संगणकीय नोंदी १८० दिवस जपून ठेवण्याचा सर्ट-इन या केंद्र सरकारच्या संगणक-सुरक्षा संस्थेचा २०२२ चा आदेश आहेच. त्या कोणीतरी वाचल्याही पाहिजेत.

कार्यालयप्रमुखांना माझी विनंती एवढीच, की नादेय दाखल्यावर आणखी एक रकाना छापून घ्यावा, आणि खाते बंद केल्याची सही तेथे झाल्यावाचून तो दाखला कोणालाही देऊ नये.