उसाची साखर की मक्याचा पाक?

भोपाळचे नाव उच्चारताच १९८४ च्या डिसेंबरातील ती काळरात्र आठवावी, हे स्वाभाविकच आहे. परंतु त्याच भोपाळपासून सुमारे चाळीस किलोमीटरांवर, सिहोर येथे, आणखी एक कारखाना होता आणि त्याची कथा मात्र फारशी कोणाच्या स्मरणात नाही. तो कारखाना साखरेचा. ‘भोपाळ शुगर इंडस्ट्रीज’ हे त्याच्या कंपनीचे नाव. स्वतःच्या शेतात ऊस पिकवून तो स्वतःच गाळणारी ही कंपनी कायद्याच्या अभ्यासकांना आजही परिचित आहे. आपल्या शेतातील उसाची किंमत धरताना तो कारखान्यापर्यंत आणण्याचा खर्च त्यात मिळवायचा की नाही, या प्राप्तिकराच्या तंट्यात १९६० साली सर्वोच्च न्यायालयाने तिच्या बाजूने निकाल दिला आणि वरिष्ठ न्यायाधिकरणाचा आदेश कनिष्ठ अधिकाऱ्याला डावलता येणार नाही, असे बजावले. निकाल ग्रंथांतून राहिला. कारखाना मात्र कित्येक वर्षांपूर्वी बंद पडला. ज्या परिसरात एके काळी उसाच्या गाड्या चालत, तेथे आज सोयाबीन आणि गहू डोलतात.

गोमंतकातील वाचकाला ही कथा परकी वाटण्याचे कारण नाही. धारबांदोड्याच्या संजीवनी सहकारी साखर कारखान्याची कथा याहून कितीशी वेगळी आहे? भाऊसाहेब बांदोडकरांच्या द्रष्टेपणातून उभा राहिलेला हा गोव्यातील एकमेव साखर कारखाना. त्याच्या भरवशावर सांगे, केपे, सत्तरी आणि धारबांदोडे या भागांतील शेतकऱ्यांनी ऊस लावला. २०१९-२० च्या हंगामापासून त्याचे गाळप थांबले. नुकसानभरपाई मिळाली, आश्वासने मिळाली, इथेनॉलच्या योजनाही कागदावर आल्या. पण चरक्याचे चाक काही फिरले नाही.

या दोन बंद धुराड्यांची आठवण होण्यास निमित्त घडले ते दूरच्या एका वादाचे. शीतपेयांत गोडी कशाची असावी, उसाच्या साखरेची की मक्यापासून काढलेल्या पाकाची, हा तो वाद. जुलै २०२५ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांनी, कोका-कोला कंपनी यापुढे अमेरिकेत खऱ्या उसाची साखर वापरण्यास राजी झाली आहे, असे जाहीर केले. काही दिवसांतच कंपनीने उसाच्या साखरेचे एक निराळे पेय बाजारात आणण्याची घोषणा केली. मक्याचा पाक मात्र सोडून दिला नाही. तेवढ्यानेही तेथील मका-उद्योगाने आपल्या कामगारांच्या व शेतकऱ्यांच्या पोटावर पाय येणार म्हणून हाकाटी केली. इकडे आपल्याकडील काहींना मात्र आनंदाचे भरते आले. अमेरिकेला अखेर उसाचे महत्त्व पटले, आमची साखरच आरोग्यदायी ठरली, अशी ही भावना. ती समजण्याजोगी आहे. परंतु ती खरी नाही, हे स्पष्टपणे सांगणे आम्हांला आवश्यक वाटते.

मुळात मक्याचा पाक बाटलीत शिरला तो चवीमुळे नव्हे आणि आरोग्याच्या विचारानेही नव्हे. मक्याच्या पिठुळ द्रव्यापासून ग्लुकोज करण्याची कला जुनीच होती. त्या ग्लुकोजचा काही भाग विकरांच्या साहाय्याने अधिक गोड अशा फ्रुक्टोजमध्ये पालटण्याची युक्ती १९५० व १९६० च्या दशकांत अमेरिकी आणि जपानी शास्त्रज्ञांनी साध्य केली. १९७४ साली साखरेचे जागतिक भाव कडाडले, तेव्हा शीतपेयांच्या कारखानदारांची दृष्टी या स्वस्त पाकाकडे वळली. पुढे १९८० च्या दशकाच्या आरंभी अमेरिकी सरकारने आपल्या साखर उत्पादकांच्या रक्षणार्थ आयात साखरेवर कोटा बसविला. साखर महाग राहिली आणि सरकारी आधारावर भरघोस पिकणारा मका स्वस्त राहिला. परिणाम व्हावयाचा तोच झाला. कोका-कोलाने १९८० मध्ये या पाकाला अर्धी जागा दिली आणि १९८४ च्या नोव्हेंबरात पूर्ण. म्हणजे अमेरिकी माणसाच्या जिभेने मक्याची निवड कधी केलीच नव्हती. ती निवड जकातीच्या कोष्टकाने केली.

आपल्याकडे उसाची साखर बाटलीत राहिली, तीही आपण अधिक शहाणे होतो म्हणून नव्हे. १९७७ साली जनता राजवटीत कोका-कोलाने भारतातून गाशा गुंडाळला. त्यानंतर सरकारी मॉडर्न बेकरीजचे ‘डबल सेव्हन’ आले, थम्स अप आले, कॅम्पा कोला आले. १९९३ मध्ये कोका-कोला परतली. नावे बदलली, मालक बदलले, गोडी मात्र साखरेचीच राहिली. कारण आपल्याकडे साखर मुबलक, उसाचा शेतकरी संघटित आणि साखरेचे राजकारण प्रबळ. सहकारी कारखान्यांच्या पायावर महाराष्ट्रात किती मंत्रिपदे उभी राहिली, हे मराठी वाचकाला सांगावयास नको. अमेरिकेत मक्याचे जे स्थान, तेच आपल्याकडे उसाचे. बाटलीत काय पडावे हे दोन्हीकडे राजधानीत ठरले.

आता आरोग्याचा प्रश्न. उसाची साखर म्हणजे ग्लुकोज आणि फ्रुक्टोज यांची सम भागांतील जोडी. शीतपेयांत वापरल्या जाणाऱ्या मक्याच्या पाकात फ्रुक्टोज सुमारे ५५ टक्के आणि ग्लुकोज सुमारे ४२ टक्के असते. अंतर एवढेच. त्यातही शीतपेय हे आम्ल असल्यामुळे बाटलीतच साखरेची जोडी हळूहळू फुटू लागते आणि उरलेली आतड्यात फुटते. यकृताला पोचते ते जवळजवळ एकच मिश्रण. ते कोल्हापूरच्या उसाचे की आयोवाच्या मक्याचे, हे यकृत विचारीत नाही. तीनशे मिलिलिटरच्या कोलाच्या बाटलीत तीस ग्रॅमांहून अधिक, म्हणजे सहा चमच्यांहून जास्त साखर असते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली दिलेला सल्ला असा की, वरून घातलेल्या साखरेपासून मिळणारी ऊर्जा एकूण आहाराच्या दहा टक्क्यांच्या आत असावी आणि जमल्यास पाच टक्क्यांच्या. ही पाच टक्क्यांची मर्यादा प्रौढ माणसासाठी पंचवीस ग्रॅमांच्या आसपास येते. एकच बाटली ती ओलांडते, मग आत साखर असो वा पाक.

याबाबत आपण स्वतःची किती फसवणूक करून घेतो, याचा एक दाखला भोपाळकडेच आहे. २००३ आणि पुन्हा २००६ साली शीतपेयांत कीटकनाशकांचे अंश सापडल्याचे दिल्लीच्या विज्ञान व पर्यावरण केंद्राने जाहीर केले, तेव्हा देशभर गदारोळ उठला. संसदेची संयुक्त समिती शरद पवारांच्या अध्यक्षतेखाली बसली. २००६ मध्ये मध्य प्रदेशासह काही राज्यांनी शाळांतून व शासकीय कार्यालयांतून या पेयांची विक्री बंद केली. विषारी वायूचा घाव सोसलेल्या शहराने कीटकनाशकाच्या नावाने सावध व्हावे, यात काहीच गैर नव्हते. परंतु बाटलीतील सूक्ष्म अंशांविषयी एवढी जागरूकता दाखविणाऱ्या समाजाने त्याच बाटलीतील तीस ग्रॅमांविषयी फारशी विचारपूस केली नाही. ती करण्यास २०२५ साल उजाडावे लागले. त्या वर्षीच्या मे महिन्यात केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने आपल्या शाळांना साखरेचे प्रमाण दर्शविणारे फलक लावण्यास सांगितले. उशीर झाला, पण पाऊल योग्य दिशेचे आहे.

मग उसाची बाजू घ्यावयाची ती कशासाठी? आमचे उत्तर असे की, शेतकऱ्यासाठी जरूर घ्यावी, आरोग्याचे निमित्त करून घेऊ नये. कारण शेतकऱ्याचा प्रश्न खरा आहे आणि तो केवळ ऊसवाल्याचा नाही. भोपाळहून ज्या राज्याचा कारभार चालतो, ते मध्य प्रदेश आज देशातील आघाडीचे मका-उत्पादक राज्य आहे. छिंदवाडा हे मक्याचे मोठे केंद्र, आणि शेजारच्या पांढुर्णा-सौंसर पट्ट्यात तर घराघरांतून मराठी बोलली जाते. इथेनॉलसाठी डिसेंबर २०२३ मध्ये उसाच्या रसाच्या वापरावर केंद्राने निर्बंध घातले आणि मक्याला उत्तेजन दिले. शेतकऱ्याने विश्वासाने मका पेरला. २०२५ च्या खरिपात मक्याचा हमीभाव क्विंटलला २४०० रुपये होता; बाजार समित्यांत मात्र त्याला त्याहून पुष्कळ कमी दरात माल विकावा लागला. म्हणजे ऊस आणि मका यांची झुंज आपल्याकडे शीतपेयाच्या बाटलीत नसली, तरी पेट्रोलच्या टाकीत सुरू झालेलीच आहे, आणि तिच्यात आज एक शेतकरी तर उद्या दुसरा शेतकरी हरतो.

त्यातच बाहेरचा रेटा आहे. एवढी लोकसंख्या असलेला भारत आमचा मका का घेत नाही, असा सवाल अमेरिकेचे वाणिज्यमंत्री हॉवर्ड लुटनिक यांनी सप्टेंबर २०२५ मध्ये जाहीरपणे केला. अमेरिकेतील बहुतेक मका जनुकपरिवर्तित आहे, आणि आपल्याकडे तसा मका पिकविण्यास परवानगी नाही. आज प्रश्न धान्याचा आहे. उद्या तो पाकाच्या रूपाने, टाक्या भरभरून आमच्या बंदरांवर उतरणार नाही, याची हमी कोणी द्यावी? मुरगाव आणि जवाहरलाल नेहरू बंदराच्या छायेत राहणाऱ्या आपणा किनारपट्टीच्या लोकांना हे कळावयास हवे की, व्यापाराच्या करारातील एक ओळ धारबांदोड्याच्या आणि छिंदवाड्याच्याही शेताचा हिशेब पालटू शकते. साखर महाग आणि पाक स्वस्त झाला, की कारखानदार देशप्रेमासाठी थांबत नसतो. अमेरिकेत तो थांबला नाही.

तेव्हा आमचे म्हणणे थोडक्यात असे. शीतपेयांवर आज चाळीस टक्के वस्तू व सेवा कर आहे. एवढा कर घेणाऱ्या सरकारने, बाटलीत किती चमचे साखर आहे आणि ती कोणत्या पिकाची, हे ठळक अक्षरांत, त्या त्या राज्याच्या भाषेत छापण्याची सक्ती करावी. ग्राहकाला इतके जाणण्याचा हक्क आहे. दुसरे असे की, मक्याला उत्तेजन देताना उसाच्या आणि उसाला सवलत देताना मक्याच्या शेतकऱ्याला आधी सूचना व नंतर भाव मिळाला पाहिजे. पेरणीनंतर धोरण बदलणे ही शुद्ध फसवणूक होय. आणि तिसरे आमच्या घरचे. संजीवनी कारखाना चालू करावयाचा की नाही, याचा निर्णय एकदाचा घ्यावा. चालविणे परवडत नसेल तर तसे स्वच्छ सांगावे आणि त्या शेतकऱ्याला दुसऱ्या पिकाकडे वळण्यास हात द्यावा. वर्षानुवर्षे टांगून ठेवलेली आशा ही बंद कारखान्याहूनही महाग पडते.

आणि थोडे स्वतःविषयीही. उन्हातून आलेल्या पाहुण्यापुढे गूळ-पाणी ठेवणारा हा समाज. भिरंडाच्या सोलांचे सरबत, सोलकढी, शहाळ्याचे पाणी, नाचणीची आंबील ही आपल्या किनाऱ्याची शीतपेये. ती पिऊन कोणी अमर झाला नाही, आणि सोलांच्या सरबतातही साखर पडतेच. पण ती किती घालावी हे घरच्या गृहिणीच्या हाती असते, कुठल्या कंपनीच्या नव्हे. चतुर्थीच्या दिवसांत आरतीला आलेल्या मुलांच्या हाती आपण बाटल्या देऊ लागलो, त्याला फार वर्षे झालेली नाहीत. ती सवय जशी लागली, तशी सोडताही येईल. सिहोरचे धुराडे पुन्हा पेटणार नाही, धारबांदोड्याचे पेटेल की नाही हे सरकार जाणे; परंतु मुलाच्या पेल्यात किती चमचे पडावेत, हे ठरविण्यासाठी वॉशिंग्टन, दिल्ली वा भोपाळ यांपैकी कोणाच्याही परवानगीची आपल्याला गरज नाही.